प्रफुल्लदादाची मटकी

रघु टेम्पोतून पातेली उतरवायला लागला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. माया प्रफुल्लदादाच्या चाळीच्या गॅलरीतून बघत होती. एक पातेलं, दोन पातेली, मग ती भलीमोठी कढई, आणि वर कांद्यांचं पोतं. तीन दिवस सगळ्यांनी फोनवर सांगून झालं होतं की रघुमामा, जेवण बाहेरून मागवलंय, तुम्ही नुसते या आणि बसा. आणि हा आला तो अख्खं स्वयंपाकघर घेऊन!

"आला गं बाई," माया पुटपुटली आणि पदर खोचून आत वळली.

माया म्हणजे भिवा आणि सुंदराबाईचं शेंडेफळ. वय चोपन्न, राहणार शीव, आणि काळजी हा तिचा जन्मापासूनचा जोडधंदा. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, पोरगी पोचली का. प्रफुल्लदादा तिला चिडवायचा, "एखाद दिवशी काळजी करायला काही नसलं ना, तर मायडीला त्याचीच काळजी लागते." आज तोच दादा गेल्यानंतरचा, त्याच्या स्मरणाचा पुण्यानुमोदनाचा विधी होता. खाली विहारासमोर पांढरं कापड बांधून झालं होतं, खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि दोनशे माणसांचं जेवण कोणाच्या हातचं, हेच अजून ठरत नव्हतं.

साधी गोष्ट नव्हती ती. प्रफुल्ल बावीस वर्षं शिवडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कॅन्टीनचा मॅनेजर होता. रोज चारशे पानं. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, ऑफिसातले साहेब, सगळे एकाच कढईतलं खायचे. दुपारची गडबड आटपली की हा गळ्यात दुर्बीण अडकवून जेटीवर चिखलातले फ्लेमिंगो बघायला जायचा, आणि सोबत कपबश्या विसळणाऱ्या पोरांनाही न्यायचा. वर्षातून एका रविवारी कॅन्टीनचे सातही आचारी घेऊन तो डोंगर चढायचा. कॅन्टीनमध्ये साहेब आणि डोंगरावर हमाल. कांद्याबटाट्याचं पोतं त्याच्याच पाठीवर असायचं. वर पोचल्यावर चूल मांडायचा, रांधायचा, आचाऱ्यांना बसवून वाढायचा, आणि भांडीही स्वतःच घासायचा. "वर्षभर तुम्ही वाढता, एक दिवस माझा," एवढंच त्याचं म्हणणं.

यंदा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ते राजमाचीला गेले. मागे बदली माणसं होती. त्यांनी दुपारी मटकीची उसळ वाढली आणि संध्याकाळपर्यंत एकतीस माणसं ओकून ओकून आडवी झाली. जिवावर कोणाच्या बेतलं नाही, पण साहेब डोंगरावर मजा मारत होते आणि फोनही लागत नव्हता, ही गोष्ट शिवडीपासून परळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाली. आता प्रफुल्लची एक शिस्त होती. रोजच्या प्रत्येक पदार्थाची एकेक वाटी, वर तारखेची चिठ्ठी लावून, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायची. काही झालं तर ती वाटी तपासायला देता येते. नेमकी त्या रविवारी बदली माणसांनी वाटी काढली नाही. मग दोष मटकीचा, पाण्याचा, की बाहेरून आलेल्या ताकाचा, ते कधीच कळणार नव्हतं. चौकशी होईपर्यंत कंपनीनं त्याला घरी बसवलं. चोविसाव्या दिवशी तो सकाळी फिरायला म्हणून जेटीवर गेला, बांधावर बसला, आणि उठलाच नाही.

आणि त्या सात आचाऱ्यांतला रघु आज मटकी करणार होता.

"मटकी?" संघर्ष ओरडलाच. प्रफुल्लचा हा एकुलता मुलगा, बँकेत नोकरीला, एरवी आवाज न चढवणारा. हातात फोन, डोळे रडून आणि जागरणानं लाल. "आत्या, याला वेड लागलंय का? एक माणूस, आज फक्त एक माणूस जरी ओकला ना इथे, तर बाबांचं नाव संपलं. कायमचं. मी दादरहून दोनशे बॉक्स सांगितलेत. सीलबंद. पुलाव, पनीर, गुलाबजाम. विषय कट."

"सीलबंद," खाटेवरून सुंदराबाई म्हणाल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पांढऱ्या लुगड्यात, पाठ मात्र ताठ. "माझ्या पोराच्या पुण्यानुमोदनाला सीलबंद?"

"आजी, प्लीज."

"जन्मभर दुनियेला गरम वाढलं त्यानं. आणि त्याच्या नावानं गार पुलाव वाढायचा खोक्यातून?"

रत्नमालावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या मोजकंच बोलत. आता म्हणाल्या, "रघुभाऊंच्या हातचं नको. दरवर्षी तेच मागे लागायचे ना, साहेब चला, साहेब डोंगर. यंदा हे नाही म्हणत होते, गुडघा दुखत होता. रघुभाऊंनीच नेलं. मला त्यांचं तोंडही बघायचं नाही."

"ऐकलंस?" संघर्ष म्हणाला. "आत्या, तू सांग आजीला. तुझं ऐकते ती."

मायानं सगळ्यांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिला बॉक्सच हवे होते. "आई," ती म्हणाली, "संघर्ष म्हणतोय त्यात खोटं काय आहे? लोकांच्या मनात धाकधूक आहेच. कशाला विषाची परीक्षा?"

शब्द तोंडातून गेला आणि तिला वाटलं, जीभ झडली असती तर बरं. विष म्हणाली ती. दादाच्या फोटोसमोर.

सुंदराबाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माया, तुझ्या बापानं गिरणीच्या कताई खात्यातच का जन्म काढला, ठाऊक आहे तुला?"

"आई, आता ते कशाला?"

"आत्ताच. विणकामाच्या साच्यावर पगार जास्त होता. काम येत होतं त्याला, कुणाचं बघून बघून शिकला होता. पण साच्यावर धोट्यातला दोरा संपला की नवा दोरा भोकातून तोंडानं ओढून घ्यायला लागायचा. ओठ लावून. आणि भिवाच्या तोंडाचा दोरा बाकीच्यांना चालत नव्हता. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मुकादम हसत म्हणाला, भिवा, तू चांगला माणूस आहेस रे, पण लोकांच्या मनात येतं. लोकांच्या मनात!" म्हातारीचा आवाज फाटला. "आणि त्याच्या पोरानं चारशे माणसांना जेवू घातलं. सगळ्या जातीची माणसं बोटं चाटून जेवायची. मी एकदा नुसतं बघायला गेले होते तिथे. दारात उभी राहून रडले. आता एक दिवस वाईट आला तर त्याच्याच घरात लोकांच्या मनातलं आलं? तुझ्या तोंडून आलं?"

मायाला तिथे थांबवेना. ती मोरीत गेली आणि नळ सोडून तशीच थांबली.

कोणाला माहीत नव्हतं ते. ना नवऱ्याला, ना पोरीला. त्या रविवारनंतर आठच दिवसांनी दादा शीवला तिच्या घरी आला होता. दाढी वाढलेली, डोक्यावर ती डोंगरावरची टोपी, हातात स्टीलचा डबा. "मायडे, घरी बसून बसून हात शिवशिवतात गं. मटकी केलीय, तुला आवडते तशी, ओलं खोबरं घालून." ती म्हणाली, ठेव, नात शाळेतून आली की दोघी मिळून खाऊ. चहा केला. तो बसला, इकडचं तिकडचं बोलला, डब्याकडे दोनदा बघितलं आणि निघाला. दार ओढलं गेल्यावर मायानं डबा उचलला. नात पाच वर्षांची, तिचं पोट नाजूक, उगाच कशाला. तिनं डबा कचऱ्याच्या बालदीत पालथा केला. आणि मागून आवाज आला, "टोपी राहिली." दार नीट लागलं नव्हतं. तो आत आला, सोफ्यावरची टोपी उचलली, बालदीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "येतो," म्हणाला. रागावला नाही, काही नाही. त्यानंतर फोनवर दोनदा बोलणं झालं, नातीच्या खोकल्याचं आणि कसलं कसलं. आणि मग जेटीवरून निरोपच आला.

नळ बंद करून माया बाहेर आली. "संघर्ष," ती म्हणाली, "रघुला करू दे मटकी."

"काय? आत्ता तर तू..."

"आत्ता मी चुकले. आईचं बरोबर आहे."

"म्हणजे मी चुकीचा? मी बाबांचं नाव वाचवतोय इथे!" संघर्षचे डोळे भरून आले. त्यानं फोन खाटेवर आपटला. "ठीक आहे. बॉक्स कॅन्सल होणार नाहीत, गाडी निघाली तिथून. दोन टेबलं लावू. एका बाजूला बॉक्स, एका बाजूला तुमची मटकी. ज्याला जे खायचं ते खाऊ दे. मग बघू ना, लोकांना काय हवंय ते."

"दोन टेबलं नको रे," माया घाबरून म्हणाली. यापेक्षा नुसते बॉक्स परवडले असते. न वाढलेलं अन्न कोणी नाकारत नाही. वाढून ठेवल्यावर नाकारलं तर?

पण संघर्ष जिना उतरून गेला होता. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या. माया खाली निघाली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुम्हीही फिरलात ना, ताई."

खाली रघुनं चूल पेटवली होती. साठीचा माणूस, मालवणकडचा, कॅन्टीनचा सगळ्यात जुना आचारी. मायाला बघून त्यानं हात जोडले. "ताई, माका ठाऊक हा वैनींचो राग. पण ह्या माझ्या साहेबांचा काम. कायव झाला तर मी जबाबदार. सकाळीच मोड आलेले बघून घेतलंय, पाणी उकळून घेतलंय." आणि त्यानं बाजूला बोट दाखवलं. एका ताटात लहान वाट्या मांडल्या होत्या, रिकाम्या, आणि प्रत्येकीवर आजच्या तारखेची चिठ्ठी. मायानं एक चिठ्ठी वाचली. तिनं खाली बसून कांदे सोलायला घेतले.

साडेदहाला माणसं जमली. चाळीतली, नात्यातली, आणि कंपनीतली तर साठसत्तर. मायानं कठड्याआडून मोजली. त्या एकतिसातलेही बरेच त्यांत होते. निलेश फोर्कलिफ्टवाला तर तीन दिवस सलाईनवर होता. तो दुसऱ्या रांगेत बसला होता, पांढरा शर्ट घालून. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली. मेणबत्त्या लागल्या. फोटोत प्रफुल्ल कुठल्याशा कड्यावर उभा होता, केस वाऱ्यानं उडालेले, आणि हसत होता. संघर्षला दुसरा फोटोच सापडला नाही, ज्यात बाप इतका हसतोय.

माणसं बोलायला उठली. एक ड्रायव्हर म्हणाला, पहाटे चारला गाडी लागली तरी साहेबांनी चहा ठेवलेला असायचा, आणि वर विचारायचे, झोप झाली का, नसेल तर गाडी काढू नको. कपबश्या विसळणारी बाई म्हणाली, मला त्यांनी पक्ष्यांची नावं शिकवली, आता माझी पोरं मला विचारतात. निलेश उठला. "साहेब हॉस्पिटलात आले होते मला बघायला. रोज यायचे. मी एकदा तोंड फिरवलं. तरी दुसऱ्या दिवशी आले." एवढं बोलून तो बसला.

मग मायाचं नाव पुकारलं. तिनं माईक धरला. संघर्षनं सांगितलं होतं, दादाच्या हातच्या चवीबद्दल बोल. "दादाच्या हाताला चव होती," ती म्हणाली. पुढचं तिनं गाळलं. "सगळ्यांनी जेवून जा," म्हणाली आणि बसली. भित्री ती भित्रीच.

जेवणाची वेळ झाली. एकीकडे बॉक्सची चळत, चकचकीत. दुसरीकडे पातेली, आणि पळी घेऊन उभा रघु. त्यानं मटकीचं झाकण काढलं तसा खोबऱ्याचा आणि काळ्या वाटणाचा वास अख्ख्या अंगणात गेला. माणसं उठली. क्षणभर सगळी घुटमळली. मग पहिला माणूस बॉक्सकडे गेला. त्याच्यामागे दुसरा. मग रांगच लागली. कोणी म्हणालं, मुलांना हे बरं. कोणी म्हणालं, आम्हाला निघायचंय, बॉक्स सोयीचा पडतो. कोणी काही वाईट बोललं नाही. निलेशनंही बॉक्स घेतला, मान खाली घालून. घरच्यांनी शेवटी जेवायचं, अशी चाळीतली रीत, त्यामुळे सुंदराबाई खुर्चीत ताठ बसून नुसत्या बघत होत्या. संघर्ष जिंकला होता, आणि त्याच्याच चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

रघु तसाच उभा. पळी पातेल्यात.

माया खुर्चीच्या कडेला सरकली. नको जाऊस, एक मन म्हणालं, आता कोणाला काय फरक पडतो, माणूस गेला. ती उठली. माईक अजून चालूच होता.

"एक मिनिट," ती म्हणाली. आवाज चिरकला. "मघाशी मी खोटं बोलले. म्हणजे अर्धंच बोलले. माझा भाऊ माझ्याकडे मटकी घेऊन आला होता. ते सगळं झाल्यावर. मी ती खाल्ली नाही. मी ती कचऱ्यात टाकली. त्यानं बघितलं. मला टाकताना बघितलं त्यानं." बॉक्सच्या रांगेतली माणसं वळली. "सख्ख्या बहिणीनं टाकली, मग तुम्हाला काय बोलू? तुम्ही घ्या बॉक्स, माझा राग नाही. फक्त माझ्या भावाला वाईट म्हणू नका. वाईट मी आहे."

तिनं माईक खाली ठेवला. लोकांमधून वाट काढत ती रघुसमोर गेली, ताट उचललं आणि रीतभात सगळी गुंडाळून सगळ्यांच्या आधी पुढे धरलं. "वाढ."

रघुनं वाढलं. ती तिथेच, उभ्यानं, भाताशी कालवून खायला लागली. पहिला घास तोंडातच फिरत राहिला. रडताना गिळता येत नाही माणसाला.

"घरी ये, मग बघते तुला," सुंदराबाई खुर्चीतून मोठ्यानं म्हणाल्या. आणि मग, आणखी मोठ्यानं, "मलापण आणा ताट."

निलेशनं बॉक्स परत चळतीवर ठेवला. तो आला, रघुकडे न बघता ताट पुढे केलं. त्याच्यामागे ती कपबश्यावाली. बाकीचे बसल्या जागी चुळबुळत होते. काही उठले, काही नाही. मायानं मागे वळून बघितलं नाही. तिला भीती होती ती एकाच माणसाची, आणि तो माणूस आता तिच्या दिशेनं येत होता.

रत्नमालावहिनी. सकाळपासून त्या इकडे फिरकल्या नव्हत्या. रघुनं घाईनं पळी खाली ठेवली आणि बाजूला झाला. वहिनी मायासमोर उभ्या राहिल्या. चेहरा दगडासारखा.

"टाकली?" त्यांनी विचारलं.

मायानं मान हलवली.

"त्यांना दिसलं?"

"हो."

"त्या दिवशी ते घरी आले," वहिनी सावकाश म्हणाल्या, "तेव्हा मी विचारलं, ताईंनी खाल्ली का? रविवारपासून एकदाच हसले ते, त्या दिवशी. मला म्हणाले, मायडीनं दोनदा घेतली. परत मागून घेतली, म्हणाले."

मायाच्या हातातलं ताट कलंडलं. वहिनींनी खालून हात लावून ते सावरलं. मग रघुकडे न बघता हात पुढे केला, आणि रघुनं पळी त्यांच्या हातात दिली.

"गिळा तेवढं," वहिनी म्हणाल्या. त्यांचेही डोळे आता वाहत होते. "आणि ताट पुढे करा, ताई. माझ्या नवऱ्याला खोटं नका पाडू."